एकच स्पीकर, तोही जमिनीवर

चांगला स्पीकर कसा निवडावा हे कोणी मला शिकवायला लागलं की अजूनही माझं डोकं फिरतं. लोक मोठ्या हौशीनं सांगतात. दोन हवेत, कानाच्या उंचीवर हवेत, भिंतीपासून हातभर दूर हवेत. मी ऐकून घेते. मग सांगते की नागपुरातला सगळ्यात चांगला स्पीकर आमच्या घरी होता, तो एकच होता, जमिनीवर होता आणि कोपऱ्यात भिंतीला अगदी चिकटवून ठेवलेला होता. लोक हसतात. हसू देत. इतकी वर्षं मी कोणाला कारण सांगितलं नाही, आज सांगते आहे ते माझ्या मर्जीनं.

ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. कानाला हेडफोन लावून ट्रंक कॉल जोडून द्यायचे आणि दिवसभर परक्या माणसांना "जरा मोठ्यानं बोला" म्हणून सांगायचं, हे माझं काम. बाबा कापडाच्या मिलमध्ये मागावर होते. आमची सगळी वस्तीच मिलच्या माणसांची. छप्पन साली दीक्षा घेतलेली घरं, मधोमध विहार, आणि विहारातल्या गाण्याच्या मंडळात बाबांचा ढोलक. मी बाबांना ढोलकाशिवाय पाहिलंच नव्हतं असं म्हटलं तरी चालेल.

आमच्या वस्तीची एक रीत होती, ती बाहेरच्या माणसाला चटकन कळायची नाही. शेकडो माग एकाच वेळी खडखडतात तिथं ओरडूनही उपयोग नसतो. म्हणून मागावरची माणसं ओठांनी बोलतात. आवाज न काढता, तोंड पुरतं उघडून, समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघत. जोडीला बोटांच्या खुणा. ही सवय माणसांबरोबर घरी यायची. आमच्यात कोणी कोणाशी पाठमोरं बोलत नसे, तो उद्धटपणा समजला जाई. लहानपणी चुलीकडे तोंड करून मी बाबांना काही सांगितलं की आई पाठीत धपाटा घालायची. एक्स्चेंजमध्ये लागले तेव्हा बरोबरच्या मुली म्हणायच्या, तू बोलताना अशी तोंडाकडे काय बघतेस गं, भीती वाटते.

मंडळात गाणारे काकाजी बाबांच्या शेजारच्या मागावरचे. दोघांची जोडी जुनी. पण या स्पीकरच्या तीन वर्षं आधी एका जयंतीच्या कार्यक्रमात गाणं मध्येच थांबलं आणि बाबांचा ढोलक वाजतच राहिला. ढोलकवाला गाणाऱ्याच्या मागे बसतो, त्याला गाणाऱ्याची पाठच दिसते. लोक हसले. काकाजी माइकवरूनच म्हणाले, "तुह्या ढोलकाले ब्रेक नाही का गा?" बाबा उठले, म्हणाले, "मिनमिन करून राहिले तुम्ही सगळे, गाता कुठं?" आणि घरी निघून आले. ढोलक कपाटावर गेला आणि त्याच्यावर जुनं लुगडं पडलं.

वस्तीत बोललं गेलं की यांच्या डोक्यात हवा गेली. मलाही तसंच वाटलं होतं, हे कबूल करते. पण घरात गाणं नाही ही गोष्ट मला सहन होईना. बाबा मिलमधून यायचे, जेवायचे आणि भिंतीकडे बघत बसायचे. मी ठरवलं की यांना ढोलक परत खाली काढायला लावायचा. कसा, ते माहीत नव्हतं.

तेवढ्यात एक्स्चेंजमधल्या एका बाईंची बदली झाली आणि जाताना त्यांचा रेकॉर्ड प्लेअर माझ्याकडे आला. प्लेअर धडधाकट होता, पण स्पीकरचे कागद उंदरांनी कुरतडून टाकले होते. नवे स्पीकर घ्यायला हवे होते. आमचे सुपरवायझर साहेब गाण्यातले जाणकार. धरमपेठेत त्यांच्या घरी बैठका व्हायच्या. मी त्यांना विचारलं, तर त्यांनी मला चहाच्या वेळात पाठच पढवला.

"तंबोऱ्याची रेकॉर्ड लावायला सांग," ते म्हणाले. "मागे तंबोरा झणझणतो, तो स्पष्ट आला पाहिजे. गाणाऱ्यानं श्वास घेतलेला कळला पाहिजे. नुसतं धम् धम् करणारा स्पीकर घेऊ नकोस, तो लग्नवाल्यांचा माल. आणि कोपऱ्यात ठेवायचा नाही, कोपऱ्यात खालचा आवाज उगाच फुगतो."

मी सगळं मनात लिहून घेतलं. साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते, हेही सांगून टाकते. पण ते ज्या घरासाठी सांगत होते ते घर माझं नव्हतं, हे ना त्यांना माहीत होतं ना मला.

रविवारी मी बाबांना घेऊन बर्डीच्या बाजारात स्पीकरच्या दुकानात गेले. ते यायला तयार नव्हते. "मले काय समजते त्यातलं?" म्हणाले. मी म्हटलं, तुम्हाला नाही समजत तर कोणाला समजतं, आणि हाताला धरून नेलं. दुकानदारानं आम्हाला नीट न्याहाळलं, बाबांच्या पायातल्या रबरी चपलांवर जरा जास्त वेळ. मी टेलिफोनमध्ये आहे असं सांगितल्यावर त्यानं खुर्ची दिली.

त्यानं दोन जोड्या मांडल्या. पहिल्या जोडीवर सिनेमाचं गाणं लावलं. बाबा मांडीवर बोटांनी ताल धरून बसले. दुकानदाराची मान हलत होती, बाबांचं लक्ष त्या मानेकडे होतं. मला बरं वाटलं. मग त्यानं भारीतली जोडी जोडली, बासरीची रेकॉर्ड काढली आणि सुई टेकवली. नुसता आलाप होता, तबला अजून यायचा होता. काय सुंदर आवाज होता तो! वादकाच्या ओठावरची फुंकरसुद्धा ऐकू येत होती. साहेबांनी सांगितलं होतं अगदी तसं. मी मनात म्हटलं, हीच घ्यायची.

आणि बाबा दुकानदाराला म्हणाले, "लावा ना आता. काहून उभे राहून गेले?"

दुकानभर बासरी वाजत होती. दुकानदाराला आधी कळलंच नाही. मग तो हसला. "चालू तो है चाचा, कबसे बज रहा है!" दोन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली, त्यांतला एक जणही हसला. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी आवाज न काढता, मागावरच्या रीतीनं, ओठांनी सांगितलं, बाबा, चालू आहे. त्यांनी ते वाचलं आणि मान खाली घातली.

मला रडू आलं नाही, राग आला. दुकानदाराचा आला, त्या हसणाऱ्या गिऱ्हाइकाचा आला, आणि सगळ्यात जास्त माझा स्वतःचा. खराब ट्रंक लाइनवर आधी काय मरतं हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक होतं? स, श, फ, असे घासून निघणारे बारीक आवाज आधी जातात. मग बायकांचे आवाज जातात. पुरुषाचा हुंकार शेवटपर्यंत टिकतो. बाबांच्या कानात कित्येक वर्षं तशी लाइन लागलेली होती, आणि त्यांची ऑपरेटर मुलगी त्याच घरात भाकरी खात होती.

बाबा उठायला लागले. मी त्यांना खांदा दाबून खाली बसवलं आणि दुकानदाराला म्हटलं, "तुमच्याकडचा सगळ्यात मोठा स्पीकर दाखवा."

"ये छोड के?" तो म्हणाला.

"हे सोडून."

मागे कोपऱ्यात एक पेटी होती, जवळजवळ माझ्या कमरेएवढी. सुताराकडून करवून घेतलेली, आत मोठा थोरला स्पीकर. दुकानदार म्हणाला की हा एका बँडवाल्यानं सांगून ठेवला होता, न्यायला आलाच नाही, हा घरात ठेवायचा माल नाही. आणि याच्यात ट्वीटर नाही, म्हणजे बारीक आवाजासाठी वेगळा छोटा स्पीकर असतो तो नाही. जोडही नाही, एकच आहे. तो ही सगळी व्यंगं सांगत होता आणि मला ती पेटी जास्त जास्त आवडत चालली होती.

त्यानं नाखुशीनं तारा जोडल्या आणि मी रेकॉर्डवरची सुई पुढे, तबला आल्यावरच्या जागी ठेवायला सांगितली. बाबा कोणाला न विचारता उठले आणि त्यांनी पेटीवर तळहात ठेवला. मागावरचा माणूस यंत्र हातानं ओळखतो. मागात काही बिघडलं की तो थांबायच्या आधी त्याच्या हाताला ते कळतं. बाबा तसे उभे राहिले, डोळे मिटून. मग त्यांची बोटं लाकडावर चालायला लागली, आणि ती दुकानदाराच्या मानेकडे बघून चालत नव्हती.

"हा तबलेवाला डग्ग्यावर लय दाबून राहिला," बाबा म्हणाले.

दुकानदार हसायचा थांबला होता. मी म्हटलं, हाच द्या. तो म्हणाला, "बहनजी, पछताओगी." मी म्हटलं, सायकलरिक्षा बोलवा.

घरी आल्यावर बाबा पेटी पुसत बसले आणि मी आत आईसमोर जाऊन बसले. ती भाकरी करत होती. मी म्हटलं, "आई, बाबाले ऐकू येत नाही."

तिनं भाकरी उलटली. "मले काय सांगून राहिली वं? मी पाहूनच राहिली ना इतक्या वर्षापासून."

"मग बोलली काहून नाही?"

"मिलच्या डॉक्टरनं कागदावर लिहिलं असतं तं घरी बसवलं असतं त्याहिले. तुह्यं कॉलेज चालू होतं तवा."

मी तिथून उठले. मला शिकवायला म्हणून तो माणूस बहिरेपण लपवून मागावर उभा राहिला होता, आणि सगळी वस्तीच तोंडाकडे बघून बोलणारी असल्यामुळे त्याचं ते लपून गेलं होतं. आई त्यांना मागून कधी हाक मारत नसे, खांद्याला हात लावत असे. ते मी लहानपणापासून पाहिलं होतं आणि ते प्रेम आहे असं समजले होते. प्रेम होतंच म्हणा.

मग मी साहेबांनी सांगितलेलं एकेक उलटं केलं. पेटी जमिनीवर ठेवली. कोपऱ्यात ढकलली, दोन्ही भिंतींना चिकटवली. कोपऱ्यात खालचा आवाज फुगतो ना? फुगू दे, आम्हाला तोच हवा आहे. ट्वीटरचा प्रश्नच नव्हता. बाबांसाठी एक पाट टाकला आणि त्यांना पेटीला पाठ लावून बसवलं. कव्वालीची रेकॉर्ड लावली. टाळ्या आणि ढोलक सुरू झाले तशी बाबांची पाठ ताठ झाली. गाणाऱ्याचा आवाज आला तेव्हा त्यांनी मला हातानं थांब म्हणून खूण केली, मी काहीच बोलत नव्हते तरी. ते ऐकत होते. शब्द सगळे पोचत नसतील, पण सूर कुठे चढतो आणि कुठे उतरतो ते पाठीतून आणि कानातून मिळून त्यांना पोचत होतं. माझ्या कानाला म्हणाल तर तो आवाज भयंकर होता. कपाटातली भांडी हादरायची. शेजारच्या बाई विचारून गेल्या की तुमच्याकडे पिठाची गिरणी लागली का.

सोमवारी साहेबांनी विचारलं, "काय, तंबोरा कसा वाजतो?"

"ऐकूच येत नाही," मी म्हटलं.

"म्हणजे फसलीस."

"नाही साहेब. माझ्या घरात ज्याला ऐकायचंय त्याला ऐकू येतं."

मी कसा स्पीकर घेतला ते सांगितलं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि जरा कीव आल्यासारखं म्हणाले, "अगं, ते संगीत नाही, तो नुसता दणदणाट आहे. ऐकण्यालाही शिक्षण लागतं." त्यांनी फार सौम्यपणे सांगितलं, म्हणून जास्त लागलं. मी म्हटलं, "शिक्षण माझं झालंय साहेब, कोणाच्या कानांवर झालंय ते मला कालच कळलं." त्यांना त्याचा अर्थ लागला नसावा. मला समजावून सांगायचं नव्हतं. तंबोरा ज्यांना ऐकू येतो त्यांनी खुशाल ऐकावा, पण ज्यांच्या अंगावरच्या कापडासाठी कोणाचे तरी कान गेले त्यांनी दणदणाट कशाला म्हणायचं ते मला शिकवू नये. हे मी तेव्हा बोलले नाही. आज बोलते.

आठ-दहा दिवसांनी मी ड्यूटीवरून आले तर कपाटावरचं लुगडं घडी घालून ठेवलेलं होतं आणि बाबा ढोलकाच्या दोऱ्या ओढत बसले होते. रेकॉर्डबरोबर ते वाजवायला लागले आणि एकदाही चुकले नाहीत. गाणं थांबलं की हात थांबत होता.

बुद्धपौर्णिमा जवळ आली होती. विहारात मंडळाचा कार्यक्रम होता. मी बाबांसमोर बसून म्हटलं, तुम्ही वाजवायला चला, पेटी घेऊन चला. तिकडे गाण्याच्या आणि हार्मोनियमच्या माइकची तार पेटीलाही जोडू, तुमच्या पाठीमागे ठेवू. मंडळाचा लाउडस्पीकर म्हणजे विहाराच्या छतावरचा भोंगा. त्याचं तोंड वस्तीकडे असायचं. गाणाऱ्यांना त्याचा काही उपयोग नव्हता.

आई घाबरली. "साऱ्या वस्तीले समजन. मिलमध्ये जाईन ही गोष्ट."

बाबा म्हणाले, "समजू दे. बहिरा हावो मी. मागानं बहिरा केला मले. मी काय चोरी केली का?"

त्या सकाळी आठ वाजताच ऊन मी म्हणत होतं. पेटी आम्ही हातगाडीवर नेली. लाउडस्पीकरवाला कुरकुरला, जळलं तर मी जबाबदार नाही म्हणाला, पण त्यानं तारा जोडून दिल्या. वंदना झाली. मंडळ बसायला लागलं आणि काकाजींचं लक्ष पेटीकडे गेलं. बाबांशी तीन वर्षांत ते धड बोलले नव्हते.

"हा डबा आत काहून आणला?" ते मला म्हणाले. "भोंगा बाहेर असते."

मी उत्तर द्यायच्या आत बाबा बोलले. त्यांचा आवाज नेहमीच मोठा, त्या दिवशी साऱ्या विहाराला ऐकू गेला. "मले ऐकू येत नाही म्हणून आणला. तवा बी येत नव्हतं. म्हणून चुकलो मी."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. आईनं पदर तोंडाला लावला. समोर मिलमधले कितीतरी लोक बसले होते आणि बाबा त्या सगळ्यांकडे एकेक करून बघत होते, जणू म्हणत होते, सांगा जाऊन. त्यांच्याकडे बघून मीही मान वर केली. काकाजींनी माइक हातात घेतला आणि गाणं सुरू केलं.

बाबा पेटीला पाठ लावून बसले होते. पहिल्या कडव्याला हात जरा दबून पडत होता. दुसऱ्याला तो सुटला. काकाजी मुद्दाम की काय कोण जाणे, मध्येच एका जागी थांबले, अगदी तसेच, जसे त्या जयंतीला थांबले होते. ढोलक त्याच क्षणी थांबला. काकाजींनी मागे वळून पाहिलं. बाबा त्यांच्याकडे बघत नव्हते, त्यांचे डोळे मिटलेले होते.

गाणं संपलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, काहींनी नुसत्या मानाच हलवल्या. दुसरं गाणं सुरू व्हायचं होतं. हार्मोनियमवाल्यानं सूर धरला आणि काकाजी सुरू करेनात. त्यांनी एकदा सूर लावून पाहिला, तो खाली लागला. पुन्हा लावला, वर गेला. पूर्वीही असं व्हायचं, तेव्हा आम्ही म्हणायचो, काकाजींचा गळा तापायचा आहे. हार्मोनियम त्यांच्यापासून दोन हातांवर वाजत होती. मला एकदम कळलं. हा माणूस तर बाबांच्याच शेजारच्या मागावर उभा होता, तितकीच वर्षं.

काकाजी उठले. हातातल्या माइकची तार ओढत, लोकांच्या देखत, चार पावलं मागे आले आणि बाबांच्या बाजूला गुडघे मोडून बसले. पाठ पेटीकडे केली.

"जरा सरक ना गा," ते म्हणाले. "मले बी ऐकू दे."

बाबांनी ढोलक मांडीवर धरला आणि बसल्या जागी सरकून अर्धी पेटी त्यांना दिली.